कॉर्सेट मापानुसार शिवून घ्यायचा आहे : मापे अचूक कशी घ्यावीत?

अबोली

नमस्कार. मला पोलादी पट्ट्यांचा आणि पाठीमागे दोरीने आवळायचा कॉर्सेट माझ्या मापानुसार शिवून घ्यायचा आहे. तो छातीच्या खाली सुरू होणारा आहे, म्हणजे छाती झाकणारा नाही. शिवणारी व्यक्ती दूर राहत असल्यामुळे मापे मलाच घरी घेऊन पाठवावी लागणार आहेत. त्यांच्या तक्त्यात छाती, छातीखालचा घेर, कंबर, वरचे नितंब आणि पूर्ण नितंब असे घेर तर आहेतच, पण छातीखालपासून कमरेपर्यंत, कमरेपासून कमरेच्या हाडापर्यंत आणि बसल्यावर मांडीपर्यंत अशा उभ्या लांब्याही मागितल्या आहेत. नेहमीचे कपडे शिवायला देताना एवढ्या तपशिलाची कधी गरज पडली नव्हती.

माझ्या शंका अशा आहेत. कंबर नेमकी कुठे मोजायची, कारण बेंबीवर टेप लावला तर एक आकडा येतो आणि थोडा वर सरकवला तर बराच कमी येतो? टेप किती घट्ट धरावा? कॉर्सेटने कंबर आवळली जाणारच आहे, तर ते धरून मी आकडा आधीच कमी करून द्यावा का? आणि मापे घेताना अंगावर काय असावे? हा कॉर्सेट शिवायला वेळही लागतो आणि मेहनतही, त्यामुळे माझ्या चुकीच्या आकड्यांवर कोणाचे काम वाया जावे असे मला वाटत नाही. ज्यांनी शिवला किंवा शिवून घेतला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

बखिया

अबोली, तुमच्या तक्त्यात उभ्या लांब्या मागितल्या आहेत, यावरून शिवणाऱ्या व्यक्तीला कामाची जाण आहे असे दिसते. केवळ छाती, कंबर आणि नितंब एवढ्या तीन आकड्यांवर शिवलेला कॉर्सेट अंगाला नीट बसला तर तो योगायोगच समजावा.

नेहमीच्या कपड्यात शिंपी मापावर थोडा सैलपणा ठेवतो आणि त्या सैलपणात अर्ध्या-पाऊण इंचाची चूक सहज जिरून जाते. कॉर्सेट मात्र बरगड्यांवर आणि नितंबांवर अंगाबरोबर बसतो, आणि कमरेवर तर तो अंगापेक्षा मुद्दाम लहान असतो, त्यामुळे चूक जिरायला तिथे जागाच उरत नाही. त्यातही घेराची चूक मागच्या दोरीने काही अंशी सांभाळता येते, पण कंबर ज्या उंचीवर धरली ती उंचीच चुकली तर ती कोणत्याही दोरीने सुधारत नाही. कॉर्सेटचा सर्वांत अरुंद भाग मग खालच्या बरगड्यांवर येतो किंवा कमरेच्या हाडावर टेकतो, आणि हाड काही आवळले जात नाही. म्हणून माझ्या मते पहिले काम घेर मोजण्याचे नसून कमरेची रेषा पक्की करण्याचे आहे.

त्यासाठी साधारण एक सेंटीमीटर रुंदीचे इलॅस्टिक घ्या आणि ते पोटाभोवती सैलसर, पण घसरणार नाही इतपत बांधा. पाय थोडे अंतरावर ठेवून सरळ उभे राहा आणि आधी उजवीकडे, मग डावीकडे, कमरेतून हळूहळू वाका. वाकताना बाजूला जी घडी पडते तिच्यात इलॅस्टिक आपोआप सरकून बसते. चार-पाच वेळा वाकून झाल्यावर सरळ उभे राहून आरशात पाहा आणि ते सर्व बाजूंनी जमिनीला समांतर आहे ना, एवढी खात्री करा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामधल्या मऊ पट्ट्यात ही रेषा येते. काही जणांच्या शरीरात ही जागा चांगली मोठी असते, तर काहींच्या शरीरात जेमतेम दोन-तीन बोटांची असते. बरगड्यांच्या बारा जोड्यांपैकी शेवटच्या दोन पुढे छातीच्या हाडाला जोडलेल्याच नसतात, त्यामुळे त्या दाबाला चटकन झुकतात, आणि कमरेची रेषा वर धरल्यास सगळा दाब त्यांच्यावरच जातो. बेंबीचे म्हणाल तर ती खूण म्हणून धरू नका. बहुतेकांची कंबर बेंबीच्या वर येते, पण किती वर, हे प्रत्येकाचे वेगळे असते.

एकदा इलॅस्टिक बसले की सगळी मापे संपेपर्यंत ते काढायचे नाही. प्रत्येक उभे माप इथूनच सुरू होते, आणि त्यातही इलॅस्टिकची वरची कड धरायची की खालची, हे आधी ठरवून घ्या. एक माप वरच्या कडेपासून आणि दुसरे खालच्या कडेपासून घेतले, तर इलॅस्टिकच्या रुंदीएवढा, म्हणजे पूर्ण एक सेंटीमीटरचा फरक कोणाच्या लक्षातही न येता तक्त्यात शिरतो.

टेप अंगाला सर्व बाजूंनी टेकला पाहिजे, पण मांसात रुतता कामा नये. टेपखालून एक बोट किंचित ओढ लागून सरकते, तेवढा ताण योग्य. पोट आत ओढू नका, श्वास रोखू नका. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर जो क्षणभर विसावा असतो, त्या वेळी आकडा वाचा. छातीखालचा घेर तेवढा किंचित घट्ट घ्यावा, कारण तिथे कातडीखाली लगेच बरगडी असते.

आकडा आधीच कमी करून देऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. किती आवळायचे हे शिवणारी व्यक्ती तुमच्याशी बोलून ठरवते आणि वजाबाकी तीच करते. समजा, तुमची कंबर ७६ सेंटीमीटर आहे आणि ती १० सेंटीमीटरने आवळायचे ठरले आहे. म्हणजे घातल्यावर कंबर ६६ होईल. पाठीमागे दोरीच्या जागी साधारण ५ सेंटीमीटरची फट ठेवतात, म्हणून प्रत्यक्ष कापड ६१ सेंटीमीटरचे कापले जाते. तुम्ही मनानेच ७६ च्या जागी ७१ लिहून पाठवले, तर कापड ५६ चे होईल. मग पाठीमागची फट वर आणि खाली बेताची, पण मध्ये फुगलेली राहील, त्या फटीच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या वाकतील, आणि कॉर्सेट घालणाऱ्या व्यक्तीला तो फक्त लहान झाला आहे असे वाटत राहील.

शरीर किती आवळले जाईल याचा अंदाज शिवणाऱ्या व्यक्तीला हवा असेल, तर कमरेवर टेप सहन होईल इतका ओढून दुसरा आकडा घ्या आणि तो ‘दाबून घेतलेले माप’ असे स्पष्ट लिहून वेगळा द्या. मऊ शरीराची आणि घट्ट स्नायूंची ७६ ची कंबर सारखी नसते, ही गोष्ट साध्या मापावरून कळत नाही.

अंगावर पातळ, अंगाबरोबरचे अंतर्वस्त्र असावे. कॉर्सेट छातीखाली सुरू होणारा असला तरी ज्या ब्रेसियरवर तो घालणार तीच मापाच्या वेळी घाला, कारण तिची खालची पट्टी आणि कॉर्सेटची वरची कड एकाच जागेसाठी भांडतात.

कातरकाम

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात उभ्या लांब्यांचा भाग थोडक्यात आला आहे, म्हणून त्याविषयी लिहितो.

पुढची लांबी उभ्याने मोजून पुरत नाही. पाठ सरळ टेकवता येईल अशा कडक बैठकीच्या खुर्चीवर बसा; मऊ सोफ्यावर बसलात तर शरीर रुतून आकडा चुकतो. पाऊल जमिनीवर पूर्ण टेकलेले आणि मांडी जमिनीला समांतर हवी. आता एक जाड पुठ्ठा दोन्ही मांड्यांवर आडवा ठेवा आणि पोटाला लागेपर्यंत मागे सरकवा. छातीच्या खालच्या घडीपासून टेप पोटावरून, इलॅस्टिकवरून, थेट त्या पुठ्ठ्यापर्यंत सोडा. टेप हवेत ताणून सरळ धरायचा नाही, तर शरीराच्या उंचसखलपणावरून जाऊ द्यायचा. इलॅस्टिकपाशी येणारा आकडा आणि पुठ्ठ्यापाशी येणारा आकडा असे दोन्ही लिहा. त्यानंतर शिवणारी व्यक्ती खालून साधारण दोन सेंटीमीटर कमी करते. हे कमी केले नाही, तर बसताक्षणी पुढची पोलादी पट्टी मांडीत रुतते आणि सगळा कॉर्सेट वर ढकलला जाऊन छातीत घुसतो. पुढे उघडझाप करण्यासाठी धातूच्या कड्या आणि खुंट्या असलेली जी दुहेरी पट्टी लावतात, ती ठरावीक लांबीतच तयार मिळते. त्यामुळे तुमच्या आकड्याच्या जवळची, पण त्याहून लहान पट्टी निवडली जाते. तो आकडाच चुकीचा असेल तर पट्टीही चुकीची येते, आणि पूर्ण शिवून झाल्यावर ती बदलणे म्हणजे पुढचा भाग उसवणेच.

बाजूची लांबी इलॅस्टिकपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत घ्यायची. दोन्ही हातांचे अंगठे मागे आणि बोटे पुढे ठेवून कमरेवर हात ठेवले, की ज्या हाडावर हात टेकतात ते हे हाड. बोटांनी दाबून त्याची कड शोधा आणि तिथे धुऊन निघणाऱ्या पेनाने छोटी खूण करा. कॉर्सेटच्या कळ्या, म्हणजे तो ज्यांचा जोडून बनतो ते कापडाचे उभे तुकडे, या हाडापासून बाहेर फाकायला लागतात. ही उंची माहीत नसेल तर कळ्या हाडाच्या खाली फाकतात आणि हाडावर कापड इतके घट्ट बसते की तासाभरात तिथे लाल वळ उठतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा जाणवू लागला, तर तोही त्याच दाबाचा परिणाम असू शकतो, आणि तसे झाल्यास कॉर्सेट लगेच सैल करावा.

आणखी एक गोष्ट बरेच तक्ते विचारत नाहीत, पण तुम्ही आपणहून द्या. प्रत्येक घेराशेजारी तो कमरेच्या इलॅस्टिकपासून किती वर किंवा किती खाली घेतला, ते लिहा. ‘वरचे नितंब ९२’ एवढे वाचून काहीच कळत नाही, कारण ते कोणी कमरेखाली सात सेंटीमीटरवर मोजते, तर कोणी बारावर. ‘वरचे नितंब ९२, कमरेखाली ९ सेंटीमीटरवर’ असे लिहिले की शिवणारी व्यक्ती तुमच्या बाजूची वळणरेषा कागदावर जवळजवळ तशीच काढू शकते. छातीचे पूर्ण माप तुमच्या कॉर्सेटला थेट लागत नसले तरी वरची कड छातीखाली कशी वळवायची, हे त्यावरून ठरवता येते, म्हणून तेही द्यावे.

हे सगळे एकटीने करू नका. स्वतःच्या पाठीमागे टेप सरळ आहे की नाही हे दिसत नाही, आणि पाहण्यासाठी मान वळवली की धड वळते व आकडा बदलतो. मदत करणाऱ्या व्यक्तीने टेप धरावा, तुम्ही समोर पाहत हात सैल सोडून उभ्या राहा.

अबोली

दोघांचेही मनापासून आभार. बहिणीच्या मदतीने इलॅस्टिक बांधून मापे घेतली. कमरेची रेषा मला वाटत होती त्यापेक्षा बरीच वर आली. पण आता दोन नवे प्रश्न उभे राहिले आहेत. सकाळची आणि रात्री जेवणानंतरची कंबर यांत अडीच सेंटीमीटरचा फरक येतो, तर यांपैकी खरे माप कोणते धरावे? दुसरे म्हणजे, बहिणीच्या मते माझे उजव्या बाजूचे कमरेचे हाड डाव्यापेक्षा थोडे वर आहे, आणि इलॅस्टिकपासून त्या हाडापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना खरोखरच वेगळे भरले. तक्त्यात तर एकाच बाजूसाठी जागा आहे.

अस्थिविचार

शरीराच्या दोन्ही बाजू थोड्याफार वेगळ्या असणे अगदी नेहमीचे आहे. सतत एकाच खांद्यावर पिशवी घेणे, एका पायावर भार देऊन उभे राहणे, पायांच्या लांबीतला सूक्ष्म फरक, कण्याचे हलके वळण, अशी त्याची अनेक कारणे असतात. सैल कपड्यात ते दिसत नाही. कॉर्सेट दोन्ही बाजूंना सारखा कापला, तर मात्र तो अंगावर हळूहळू फिरतो आणि पाठीमागची दोरी कण्यावरून एका बाजूला सरकते.

तक्त्यात जागा नसली तरी दोन्ही बाजू वेगळ्या लिहून पाठवा. त्यासाठी आधी मधली रेषा हवी. पुढे गळ्याच्या तळाशी असलेल्या खळग्यापासून एक दोरा खाली सोडा आणि त्याच्या टोकाला एखादी लहानशी जड वस्तू बांधा, म्हणजे तो सरळ लोंबेल. मागे कण्याच्या मणक्यांचे उंचवटे बोटांना लागतात. त्यांवर ठिपके देत खाली या. आता प्रत्येक घेर एकदा पूर्ण मोजा आणि मग पुढच्या मधल्या रेषेपासून मागच्या मधल्या रेषेपर्यंत डावा अर्धा आणि उजवा अर्धा वेगवेगळा मोजा. दोन अर्ध्यांची बेरीज पूर्ण घेराइतकी आली पाहिजे. नाही आली, तर टेप कुठे तरी तिरका गेला आहे असे समजून ते माप पुन्हा घ्या. स्वतःचे काम तपासण्याची याहून सोपी पद्धत मला माहीत नाही.

काखेच्या मध्यापासून सरळ खाली एक बाजूची रेषा धरून पुढचा आणि मागचा भागही वेगळा मोजावा. दोन व्यक्तींची कंबर ७६ च असते, पण एकीचे पोट पुढे असते आणि दुसरीची पाठ रुंद. एकाच घेराच्या आकड्यावरून दोघींना सारख्याच कळ्या मिळाल्या, तर पहिलीच्या पोटावर कापड ताणले जाईल आणि दुसरीच्या पोटावर ते लोंबेल. त्यासोबत पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रे पाठवता आली तर उत्तम. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणि सरळ धरा. वरून काढलेल्या छायाचित्रात धड आखूड दिसते.

बाजूंमधला फरक फार ठळक असेल, किंवा पाठ दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. कण्याच्या उपचारासाठी दिला जाणारा पट्टा ही वेगळी वस्तू आहे, त्याची मापे डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रशिक्षित व्यक्तीच घेते, आणि हौसेचा कॉर्सेट त्याची जागा घेऊ शकत नाही. गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हर्निया किंवा आम्ल घशाशी येण्याचा त्रास असेल, तर कंबर आवळण्याआधी विचारून घ्यायलाच हवे.

बखिया

सकाळ-रात्रीच्या फरकाबद्दल. दोन्ही मापे खरीच आहेत, कारण अन्न, पाणी, पोटातला वायू आणि मासिक पाळीचे दिवस यांमुळे कमरेचा घेर सतत बदलत असतो. मापासाठी जेवणानंतर दोन-तीन तास गेलेले असावेत आणि पाळीच्या आधीचे सुजेचे दिवस टाळावेत. कॉर्सेट प्रामुख्याने ज्या वेळी घालणार, त्या वेळेच्या आसपास मापे घेतलेली बरी. एक दिवस सोडून पुन्हा मोजा, आधीचे आकडे समोर न ठेवता मोजा, आणि मग दोन्ही तक्ते ताडून पाहा. अर्ध्या सेंटीमीटरपर्यंतचा फरक चालतो. बरगड्यांच्या घेरात किंवा उभ्या लांबीत त्याहून जास्त फरक आला, तर तो पोटाच्या फुगण्याचा म्हणता येणार नाही, तिथे मोजणीच तपासावी. कमरेच्या बाबतीत दोन्ही आकडे वेळेसह कळवा. पाठीमागे ठेवलेली ५ सेंटीमीटरची फट याच चढउतारासाठी उपयोगी पडते.

टेपही तपासा. बराच वापरलेला कापडी किंवा मऊ प्लास्टिकचा टेप ताणला जातो. तो धातूच्या पट्टीशेजारी ठेवून ३० सेंटीमीटरपर्यंतचे आकडे जुळतात का ते बघा, आणि मग पुढचे तीसही तसेच सरकवून बघा. काचेच्या धाग्यांचा टेप ताणला जात नाही, म्हणून शक्यतो तोच घ्यावा. संपूर्ण तक्ता एकतर सेंटीमीटरमध्ये भरा किंवा इंचात. काही घेर इंचात आणि लांब्या सेंटीमीटरमध्ये अशी सरमिसळ झाली, की २.५४ ने गुणताना-भागताना कुठे तरी घोटाळा होतोच.

आता सर्वांत महत्त्वाची विनंती शिवणाऱ्या व्यक्तीला करा, ती म्हणजे अंतिम कापड कापण्याआधी कच्चा नमुना पाठवण्याची. जाड मांजरपाटासारख्या न ताणणाऱ्या कापडाचा, बाहेरच्या बाजूने भरपूर माया (शिवणीपलीकडे सोडलेले जादा कापड) ठेवलेला, मोजक्या पट्ट्या आणि दोरी ओवायला भोके असलेला असा तो असतो. तो घालताना कमरेचे तेच इलॅस्टिक आधी पुन्हा बांधा आणि नमुन्यावर आखलेली कमरेची रेषा बरोबर त्या इलॅस्टिकवर बसते का, हे आधी पाहा. रेषा वर किंवा खाली असेल, तर बाकीचे काहीही तपासण्यात अर्थ नाही. तेवढे अंतर मोजून कळवा.

रेषा जुळत असेल तर दोरी बेताने ओढा आणि पाठीमागच्या फटीचे छायाचित्र घ्या. फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर मापे जमली. वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर बरगड्यांवर कापड कमी पडले आहे किंवा नितंबांवर जास्त झाले आहे. याच्या उलट, खाली रुंद असेल तर नितंबांवर जागा कमी आहे. मध्ये चिकटलेली आणि दोन्ही टोकांना उघडी फट असेल, तर बरगड्या आणि नितंब दोन्हीकडे कापड वाढवावे लागेल. मध्येच फुगलेली असेल, तर कंबर शरीराला झेपेल त्यापेक्षा लहान धरली आहे. तिरकी जाणारी फट बहुधा तुमच्या उजव्या-डाव्या बाजूंच्या फरकाची निशाणी असेल, म्हणून तुमच्या बाबतीत तिच्याकडे विशेष लक्ष ठेवा.

नमुना घालून खुर्चीवर बसायलाही विसरू नका. पुढची खालची कड मांडीला लागत असेल, तर जिथे लागते तिथे पेन्सिलीने खूण करून तो नमुना तसाच परत पाठवा.

अबोली

दोन्ही बाजू वेगळ्या मोजून, प्रत्येक घेराची उंची आणि वेळ लिहून तक्ता पाठवला आहे. शिवणाऱ्या बाईंनी कच्चा नमुना पाठवण्याचे आनंदाने मान्य केले, आणि उजवी बाजू वेगळी कापणार असल्याचेही कळवले. नमुना आल्यावर त्याच्या पाठीमागच्या फटीचे छायाचित्र इथे टाकेन. तुम्ही सर्वांनी ते अवश्य पाहावे.